हरिणी कोणी ओढायची?

मित्रांनो, मी जस्ताची ओतीव मूर्ती आहे आणि वयाने तुमच्या पणजोबांहून मोठी आहे. अंगावर ब्राँझचा मुलामा होता, तो आता खांद्यांवर आणि नाकावर तेवढा उरला आहे. न्यू जर्सीतल्या पार्सिपनी गावात, टेकडीवरच्या एका घरामागे मी उभी असते. उजव्या हाताने पाठीवरच्या भात्यातून बाण काढते आहे. डावा हात शेजारी ओतलेल्या हरणाच्या शिंगांवर आहे. माझ्यापुढे गवत, गवतापलीकडे कुंपण आणि मागे रान.

माझे नाव आर्टेमिस. ग्रीक लोक मला शिकारीची आणि रानाची देवी मानत. नेम चुकू नये म्हणून शिकारी माझे नाव घेत आणि रानातली पिल्ले जगावीत म्हणूनही माझेच नाव घेतले जाई. दोन्ही कामे एकाच देवीकडे कशी, असे तुम्हाला वाटेल. त्यात काही विरोध नाही. शिकारीला नियम असतात. पिल्लू अंगावर पीत असलेल्या मादीला मारायचे नाही. जखमी केलेल्या जनावराकडे पाठ फिरवायची नाही. आपण मारलेले दुसऱ्याच्या नावावर घालायचे नाही. हे नियम मोडणाऱ्याला शिक्षा देणे, हे माझे तिसरे काम. क्षमा माझ्याकडे कोणी मागत नसे, कारण ती मिळत नसे.

मला जपा, असे सांगण्यासाठी मी बोलत नाही. एका माणसाने वरचे तिन्ही नियम मोडले, त्याचे पुढे काय झाले ते मला सांगायचे आहे. पण आधी माझी हकीकत.

माझा जन्म ओतशाळेत झाला. वाळूच्या साच्यांत डोके, धड, हात आणि हरीण असे माझे तुकडे वेगवेगळे ओतले गेले आणि मग डाख देऊन जोडले गेले. कमरेचा सांधा हिवाळ्यात अजून कुरकुरतो. तिथून मला मुलींच्या एका शाळेने नेले. शाळेच्या मैदानावर मुली तिरंदाजी शिकत आणि सामन्याआधी माझ्या पायाला हात लावून जात. त्या हातांनी माझी बोटे गुळगुळीत झाली. वसंतात माझ्या गळ्यात फुलांची वेणी असे. मी त्या दिवसांत सुखी होते, हे कबूल करायला मला काही वाटत नाही.

शाळा बंद पडली तेव्हा बाके, घड्याळे, पियानो आणि मी असे सगळे लिलावात गेलो. टोनी नावाच्या गवंड्याने मला घेतले आणि आपल्या घरामागे, टोमॅटोच्या वाफ्याशेजारी बसवले. त्याची बायको मला पाहून नाक मुरडत असे, कारण माझा झगा गुडघ्यापर्यंतच होता. दोघे म्हातारे झाले. वेल माझ्या गळ्यापर्यंत चढली, गांधीलमाश्यांनी भात्यात पोळे केले. टोनी गेला आणि घर विकले गेले.

घर घेतले ते देवानंद आणि कमला यांनी. देवानंद एका विमा कंपनीत सॉफ्टवेअरचे काम करतो, कमला औषधांच्या प्रयोगशाळेत आहे. दोघे नागपूरचे. त्यांची मुलगी उपासना इथेच जन्मली.

"ही काय, देवी आहे का?" पहिल्या दिवशी कमलाने विचारले.

"ग्रीक आहे," देवानंद म्हणाला. "घर विकणारा एजंट म्हणाला, नको असेल तर उचलून नेऊ."

"उचलून कशाला? आपल्याला पूजा करायची नाही, एवढंच. कोणीतरी घाम गाळून ओतलीय ती. राहू दे."

मला नैवेद्य द्यायला विसरलेल्या एका राजाच्या शेतात मी पूर्वी रानडुक्कर सोडले होते. या घरात तर मला नैवेद्य कधीच मिळणार नव्हता. खिडकीतून मला बैठकीच्या खोलीतल्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी दिसत. देवांपुढे हात जोडायचे नाहीत, अशी प्रतिज्ञा घेतलेली ही माणसे. तरी मला राग आला नाही. कमलाने रबरी हातमोजे घातले, वेल उपटली, पोळे काढले आणि ब्रश घेऊन मला डोक्यापासून पायापर्यंत घासले. माझ्यापुढे हात जोडणाऱ्या कित्येकांनी मला कधी धुतले नव्हते.

त्याच आठवड्यात कुंपणापलीकडून श्रीरंग बोलायला आला. तो शेजारच्या घरात राहतो, तोही मराठी.

"वास्तुशांत कधी ठेवताय? गुरुजी हवे असतील तर तिकडे एडिसन गावात आमच्या ओळखीचे आहेत."

"बुद्धवंदना आणि परित्राणपाठ ठेवलाय रविवारी," देवानंद म्हणाला. "तुम्ही दोघं या ना."

"परित्राण... अच्छा, अच्छा." श्रीरंगने कुंपणावरचा हात काढून खिशात घातला. "म्हणजे तुमच्यात तसं असतं. छान. बघतो, रविवारी जरा बिझी आहे मी."

रविवारी त्याची बायको सुनेत्रा आली, शेवटपर्यंत बसली आणि खिरीची वाटी घेऊन घरी गेली. श्रीरंग त्या दिवशी दिवसभर वालपापडीच्या वेलांना काठ्या बांधत होता. कुंपण फार उंच नाही, मला सगळे दिसते.

श्रीरंगला दोन गोष्टींची आवड. एक भाजीची, दुसरी कॅमेऱ्यांची. दारावर कॅमेरा, गॅरेजवर कॅमेरा, रस्त्याकडच्या खिडकीवर कॅमेरा. गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुपही त्यानेच काढला. पार्सल देणारा मुलगा जरा जास्त वेळ उभा राहिला की त्याचा फोटो ग्रुपवर जाई आणि खाली प्रश्न असे, याला कोणी ओळखतं का. मग सगळी गल्ली त्या फोटोवर तुटून पडे. कोणी बूट बघे, कोणी गाडीचा नंबर. बहुतेक वेळा तो बिचारा कोणाचा तरी पिझ्झा घेऊन आलेला असे.

भाजीच्या बाबतीत मात्र त्याचे काही चालत नव्हते, कारण टेकडीवर हरणे फार. त्याने कुंपणाला उग्र वासाचे साबण टांगले. न्हाव्याकडून केस आणून वाफ्यात पसरले. रेडिओ चालू ठेवला. हरणांनी केस बाजूला सारून, बातम्या ऐकत वालपापडी खाल्ली.

उपासना आता सतरा वर्षांची आहे आणि तिरंदाजी करते. तिच्यासाठी देवानंदने माझ्यापासून थोड्या अंतरावर फोमचा ठोकळा लावून दिला. तिची उभे राहण्याची ढब मला आवडते. घाई करत नाही. बाण सुटल्यावरही तिचा हात तसाच राहतो. दर शनिवारी क्लबमध्ये ती लहान मुलांना शिकवते आणि ते काम तिला जिवापलीकडे प्रिय आहे. माझ्याशी ती बोलत नाही, पण कधी कधी जाकीट माझ्या हातावर अडकवते. मला ते चालते.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एक हरिणी माझ्या पायाशी, नेच्यांच्या झुडपात व्याली. उपासनाने बाण खाली ठेवला आणि आईला हाक मारली.

"Mom, there's a baby in there."

"कशात?"

"In the ferns. मी इथून शूट नाही करणार आता. She'll get scared."

तिने ठोकळा उचलून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेला. पाडस माझ्या सावलीत वाढले. हरिणी दिवसभर रानात चरे आणि संध्याकाळी त्याला पाजायला येई. जाता जाता श्रीरंगच्या वालपापडीचे दोन घास घेई. तिची ती एवढीच चूक, आणि वेल कोणाची हे तिला कोणी सांगितले नव्हते.

सप्टेंबरमधल्या एका संध्याकाळी घरात कोणी नव्हते. उपासना क्लबला गेली होती, आईवडील वाणसामान आणायला. सुनेत्रा दवाखान्यातल्या नोकरीवर होती. ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर होते. श्रीरंग आपल्या डेकवर, म्हणजे घरामागच्या लाकडी ओट्यावर, आला तेव्हा क्षणभर मीही त्याला ओळखले नाही. त्याने शिकाऱ्यांचा पानापानांचा पोशाख घातला होता. डोक्यापासून पायांपर्यंत जाळी, जाळीला कापडाची पाने आणि सुतळीचे झुपके. चेहऱ्यावरही जाळी. हा पोशाख त्याने इंटरनेटवरून मागवून गॅरेजमध्ये लपवला होता, कारण सुनेत्राला मुंगी मारलेलीही चालत नसे. हातात क्रॉसबो होता, बंदुकीसारखा दस्ता असलेले धनुष्य. त्यासाठी ताकद लागत नाही. कळ दाबली की बाण सुटतो.

हरिणी वेलाशी आली. पाडस कुंपणाच्या अलीकडे, माझ्याजवळ होते. श्रीरंगने कळ दाबली.

बाण पोटात लागला. हरिणीने कुंपणावरून उडी घेतली, तेव्हा बाणाची काडी खांबाला लागून मोडली आणि श्रीरंगच्या अंगणात पडली. पाते आत राहिले. ती माझ्यापर्यंत आली आणि नेच्यांत कोसळली. ती लगेच मेली नाही. श्रीरंग डेकवरून बघत होता. एक बाण आणखी मारला असता तर तिचे हाल संपले असते. त्याने मोडकी काडी उचलली, दार सरकवले आणि तो आत गेला. स्वयंपाकघरात दिवा लागला. उजेड सरायच्या आत हरिणी मेली. पाडसाने तिला नाकाने ढोसले, पुन्हा ढोसले, आणि मग ते बाजूला उभे राहिले.

मी देवी आहे की जस्त, हा प्रश्न मला लोकांनी पुष्कळदा विचारला आहे. त्या संध्याकाळी मी काय होते ते सांगते. मी साक्षीदार होते, आणि साक्षीदाराला तोंड नव्हते.

सकाळी हरिणी पहिल्यांदा उपासनाला दिसली. ती तिच्याजवळ गवतात बसून राहिली. देवानंद आणि कमला बाहेर आले. थोड्या वेळात श्रीरंग कुंपणाशी आला, हातात चहाचा मग घेऊन. त्याने फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. फार वाईट झालं, आपल्या गल्लीत तिरकमठा कोण चालवतं ते सगळ्यांना माहीत आहे, आपल्या मुलांच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, असे त्याने इंग्रजीत लिहिले. समोरची लिंडा आली, पलीकडचा देवांग आला. देवांग सुरतचा आहे आणि त्याची दोन्ही मुले शनिवारी उपासनाकडे शिकतात.

"देवानंद, मी तुम्हाला आधीच म्हणालो होतो," श्रीरंग म्हणाला. "मुलीच्या हातात असलं काही देऊ नका."

"माझ्या मुलीने नाही मारलं."

"मुद्दाम मारलं असं कोण म्हणतंय? नेम चुकला असेल. होतं मुलांच्या हातून."

"काका, I don't miss by that much," उपासना म्हणाली. तिचे डोळे लाल होते, पण आवाज सरळ होता. "आणि माझे बाण टार्गेटचे आहेत. पुढे गोल असतात, ते असं कापत नाहीत. There's a piece still inside her. काढून बघा."

"आता ही आपल्याला शिकवणार," श्रीरंग देवांगला म्हणाला आणि हसला. त्या हसण्यात चहाचा मग हिंदकळला.

देवांग हसला नाही, पण त्याने ग्रुपवरचा मजकूर क्लबला पाठवून दिला. दुपारपर्यंत कोचचा फोन आला. हे प्रकरण मिटेपर्यंत उपासनाने क्लबमध्ये येऊ नये. मुलांच्या पालकांना काय सांगायचे, असा कोचचा प्रश्न होता. उपासनाने धनुष्याची दोरी काढली, धनुष्य पेटीत ठेवले आणि पेटी पलंगाखाली सरकवली. मला हे खिडकीतून दिसले.

त्याआधी, सगळे अंगणात असतानाच, देवानंदने टाउनला, म्हणजे नगरपालिकेला, फोन केला होता. वन्यजीव खात्याचा अधिकारी दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाते काढणार आणि ते कशाचे आहे ते सांगणार होता. तोवर जनावराला हात लावायचा नव्हता. नंतर ते उचलायची जबाबदारी ज्याच्या अंगणात आहे त्याची. टाउनची गाडी फक्त रस्त्याच्या कडेचे उचलते. देवानंद हे फोनवर बोलत असताना श्रीरंग कुंपणाशीच उभा होता. पाते काढणार, हे ऐकून त्याने चहाचा मग खाली ठेवला.

"उद्यापर्यंत कशाला ठेवता?" तो म्हणाला. "वास सुटेल. अस्वलं येतील रानातली. सरळ रस्त्यापर्यंत ओढून टाका, टाउनची गाडी नेईल. विषय संपला."

"हात लावू नका म्हणालेत."

"ते म्हणणारच. घरातून बोलायला काय जातं त्यांचं? आणि तुम्हाला त्यात काय अवघड आहे?"

"म्हणजे?"

"म्हणजे... तुमच्याकडे सवय असते ना." श्रीरंगने आवाज खाली आणला. "गावाकडे, आय मीन."

लिंडाला मराठी येत नाही. देवांगला थोडे कळते, पण एवढे नाही. सुनेत्रा मागे पायरीवर उभी होती, तिला पूर्ण कळले. तिने मान खाली घातली.

मित्रांनो, तुमच्यापैकी काहींना हे ठाऊक नसेल, म्हणून सांगते. देवानंदच्या आजोबांच्या गावात मेलेली गुरे ओढून गावाबाहेर टाकायचे काम त्यांच्याच वस्तीवर लादलेले होते. का, तर जात. जनावर कोणाचेही असो, ओढायचे यांनी. एके दिवशी वस्तीने ते काम सोडले. गावाने त्यांचे पाणी आणि मजुरी बंद केली. आजोबा बायकामुलांना घेऊन नागपूरला गेले आणि गिरणीत लागले. देवानंद हे उपासनाला सांगत असताना मी ऐकले आहे.

तो कुंपणाजवळ गेला. आवाज त्याने चढवला नाही.

"माझ्या आजोबांनी ते सोडलं, श्रीरंग. त्यासाठी गाव सोडलं. मी ते पार्सिपनीत येऊन पुन्हा सुरू करणार नाही. आणि आज मी हिला ओढली तर माझ्या मुलीने मारली असं होईल. ज्याने मारली तो ओढेल."

"What did he say?" लिंडाने विचारले.

"He said whoever killed her will move her," उपासनाने सांगितले.

"Well, that's fair," लिंडा म्हणाली.

देवांगला आता पुरावा हवासा वाटू लागला. तो म्हणाला, "काका, आपके पास तो इतने कॅमेरे हैं, एक इस साइड लगा दो. जो भी है, पकडा जाएगा." श्रीरंगला नाही म्हणता येईना. सगळ्यांसमोर त्याने गॅरेजवरचा कॅमेरा काढून डेकच्या कठड्याला लावला, तोंड माझ्याकडे करून. घरात जाऊन त्याने तो फोनवरून बंद केला.

संध्याकाळी देवानंद, कमला आणि उपासना कोचला भेटायला क्लबला गेले. सुनेत्रा एडिसनला बहिणीकडे होती. उजेड होता, पण पिवळा पडायला लागला होता. श्रीरंग गॅरेजच्या मागच्या दाराने निघाला. समोरच्या खिडक्यांतून कोणी पाहील म्हणून अंगावर तोच पानांचा पोशाख, एका हातात सुरी आणि दुसऱ्यात पक्कड. कुंपणाच्या कडेने, झुडपांतून, हातापायांवर रांगत तो आमच्या अंगणात आला. पाते काढून न्यायचे, म्हणजे सकाळी अधिकाऱ्याला फक्त भोक सापडेल. मग बोट दाखवायला उपासना होतीच.

तो माझ्या पायाशी बसला आणि जखमेत पक्कड घातली. पाडस नेच्यांतून उठले आणि रानाच्या कडेला जाऊन थांबले.

तिकडे एडिसनला सुनेत्राने सहज फोन बघितला. डेकवरचा कॅमेरा बंद दिसला. हे कायम विसरतात, असे म्हणून तिने तो चालू केला. पडद्यावर तिला शेजारच्या अंगणात काहीतरी मोठे, पानांनी भरलेले, मेलेल्या हरिणीवर वाकलेले दिसले. तिने ते जसेच्या तसे ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिले, हे काय आहे, प्लीज कोणीतरी बघा, आमचे हे घरी एकटेच आहेत.

टिंग, असा आवाज माझ्या पायाशी झाला.

श्रीरंगचा फोन पोशाखाच्या आत, पँटच्या खिशात होता. टिंग. टिंग टिंग. गल्ली जागी झाली होती. कोणी लिहीत होते अस्वल, कोणी लिहीत होते माणूस, कोणी विचारत होते हातात काय आहे, आणि प्रत्येक अक्षर त्याच्या खिशात वाजत होते. तो उठला आणि माझ्या मागे लपला. फोन काढायला त्याने गळ्याशी पोशाखाची चेन शोधली. मग पळायला वळला, तेव्हा पाठीवरची जाळी हरणाच्या शिंगांत अडकली. त्याने हिसका दिला. सुतळीचे झुपके शिंगांभोवती आणखी गुंडाळले गेले. या शिंगांवर माझा डावा हात आहे, एवढेच मी सांगते.

फार पूर्वी एका शिकाऱ्याने माझा अपमान केला होता. मी त्याचे हरीण केले. त्याने स्वतः पाळलेली, स्वतः शिकवलेली कुत्री त्याच्यावर सुटली. तो त्यांना नावाने हाका मारत होता, पण तोंडून शब्द फुटत नव्हता, आणि कुत्र्यांनी मालकाला ओळखले नाही. लोक मला तेव्हा क्रूर म्हणाले. मला आता एवढे कष्ट घ्यावे लागत नाहीत. लोक पोशाख स्वतःच मागवतात.

देवांग बेसबॉलची बॅट घेऊन आला, लिंडा पाने गोळा करायचा दाताळा घेऊन. मागून आणखी पाचसहा जण. देवांग लांबच थांबला.

"Is it a bear?"

टिंग, असे माझ्या मागून आले.

"Bears don't have phones, Devang," लिंडा म्हणाली.

तेवढ्यात देवानंदची गाडी दारात लागली आणि ते तिघे घराला वळसा घालून मागे आले. श्रीरंग श्वास रोखून बसला होता. जाळीतून त्याचा घाम माझ्या पायावर गळत होता. मग फोन वाजू लागला, टिंग नव्हे, पूर्ण गाणे, सनई आणि चौघडा. सुनेत्रा नवऱ्याला फोन करत होती, घरी चोर आलाय, दार लावून घ्या, हे सांगायला.

"That's Shrirang kaka's ringtone," उपासना म्हणाली.

सनई संपली आणि पुन्हा सुरू झाली. देवांगने बॅट खाली ठेवली, पुढे जाऊन जाळी ओढली, आणि तिच्याखालून श्रीरंगचा चेहरा निघाला, चष्मा तिरका झालेला. त्याच्या हातात पक्कड होती आणि हात कोपरापर्यंत रक्ताने माखला होता.

"मी बघायला आलो होतो," तो म्हणाला. "म्हणजे, अधिकाऱ्यांना मदत म्हणून..."

"काका," उपासना म्हणाली, "फोन उचला. काकू घाबरल्या असतील."

रात्री सुनेत्रा घरी आल्यावर त्यांच्या घरात काय बोलणे झाले ते मला ऐकू आले नाही. गॅरेजचे दिवे मात्र बराच वेळ चालू होते. सकाळी अधिकारी आला. त्याने पाते काढले, हातात फिरवून बघितले, आणि हे क्रॉसबोचे आहे, टार्गेटच्या धनुष्याचा याच्याशी संबंध नाही, असे सगळ्यांसमोर सांगितले. सुनेत्रा त्याच वेळी क्रॉसबो आणि मोडकी काडी घेऊन घराबाहेर आली. दोन्ही गॅरेजमध्ये पोशाखाच्या खोक्यात होती. अधिकाऱ्याने श्रीरंगच्या हातात कोर्टाचा कागद दिला. वस्तीच्या इतक्या जवळ बाण सोडायची परवानगी नसते, आणि पुरावा काढून न्यायचा प्रयत्न वेगळा.

ग्रुपवर सुनेत्राने स्वतः लिहिले. हरिणीला आमच्या ह्यांनी मारलं, उपासनाने नाही, आणि तिच्याबद्दल जे लिहिलं गेलं ते खोटं होतं. देवांगने तेही क्लबला पाठवले. अंगणातच उपासनाचा फोन वाजला. कोच होता. शनिवारी ये, मुले वाट बघतायत, एवढे तो म्हणाला. ती म्हणाली, "I'll be there," आणि फोन ठेवून आईच्या खांद्यावर कपाळ टेकले.

अधिकाऱ्याची गाडी गेली. हरिणी अजून माझ्या पायाशी होती. माश्या आल्या होत्या.

"देवानंद," श्रीरंग म्हणाला. आज तो कुंपणाच्या या बाजूला उभा होता. "मी एका माणसाला फोन केलाय. दुपारी पिकअप घेऊन येईल आणि घेऊन जाईल. तुम्हाला काही बघावं लागणार नाही."

"माणूस नको."

"मग?"

"तुम्ही."

"अहो, माझी पाठ... तुम्हाला माहितीय ना माझी पाठ."

"सावकाश ओढा," देवानंद म्हणाला. "घाई नाही कोणाला."

श्रीरंगने चौफेर पाहिले. लिंडा होती, देवांग होता, सुनेत्रा पायरीवर होती. शेवटी तो वाकला आणि त्याने हरिणीचे मागचे पाय धरले. मेलेले जनावर जड असते. पाय घट्ट पकडावे लागतात आणि चेहरा वळवला तरी वास येतो. गवतावर ओढल्याची चपटी वाट उमटत गेली. माझ्यापासून ठोकळ्यापर्यंत, ठोकळ्यापासून घराच्या कोपऱ्यापर्यंत. कोपऱ्यावर डोके दगडाला अडकले. त्याला परत फिरून, दोन्ही हातांनी ते डोके सोडवावे लागले. तेव्हा त्याने तिचे डोळे पाहिले असणार. मला तशी आशा आहे.

गाडी लावायच्या ड्राइव्हवेजवळ तो थांबला. पाठ धरली, धापा टाकल्या.

"जरा एका बाजूने धरा ना, देवानंद. एकट्याने नाही होत हो."

देवानंद जागचा हलला नाही.

"आजोबांना कोणी धरलं नव्हतं," तो म्हणाला.

उपासनाने एक पाऊल पुढे टाकले. कमलाने तिचे मनगट धरले.

"But he's old, Mom."

"राहू दे."

"त्याला खरंच नाही जमत."

"जमेल, बेटा. राहू दे."

उपासना थांबली. तिला ते आवडले नाही, हे मला तिच्या पाठीवरून कळले. ती चांगली मुलगी आहे. मी चांगली नाही. श्रीरंगने पुन्हा पाय धरले आणि घराच्या कोपऱ्याआड दिसेनासा झाला. मला फक्त घासण्याचा आवाज येत राहिला. काँक्रीटवर तो मोठा होता. मग थांबला, पुन्हा सुरू झाला आणि शेवटी रस्त्याशी जाऊन संपला.

पाडस पुढे रानातल्या इतर हरणांत मिसळले. आईशिवाय जगण्याइतके ते मोठे झाले होते, यात श्रीरंगची काही भलाई नाही.

मित्रांनो, मला पाणी घाला, मुलामा द्या, मला भंगारात काढू नका, असे मी तुमच्याकडे मागत नाही. कमलाच्या ब्रशने माझे भागते. मला एकच मागायचे आहे. कधी तरी तुमच्याही समोर एखादा माणूस आपण मारलेले दुसऱ्याच्या दारात टाकून उभा राहील आणि तुम्हीच ते उचला, तुम्हाला सवय आहे, असे म्हणेल. तुम्ही उचलू नका. ते त्याचे त्यालाच ओढू द्या, रस्त्यापर्यंत, सगळ्यांच्या देखत. वाटेत तो थांबेल, पाठ धरेल आणि तुमच्याकडे बघेल.

बघू दे.